वर्षभर काही केलं नाही, त्याची शपथ

पुण्याच्या कॉलेजात लायब्ररी सायन्सच्या दुसऱ्या यादीत माझं नाव लागलं, तेव्हा घरात सगळ्यांत जास्त आश्चर्य मलाच वाटलं. हा कोर्स मी कुणालाही न विचारता निवडला होता. वाचनालयात बोलायचं काम कमी असेल, एवढाच माझा हिशेब होता. नाव लागल्यावर मात्र ती जागा मला फार हवीशी वाटायला लागली. इतकं काही हवंसं वाटायची मला सवय नव्हती, त्यामुळे दोन रात्री झोप आली नाही.

कागदपत्रांची तपासणी परवावर आली होती. एक जरी कागद कमी असला तर जागा यादीतल्या पुढच्या मुलाला जाणार, असं कॉलेजनं लाल अक्षरांत लिहिलं होतं. माझ्याकडे सगळे कागद होते, एक सोडून. पदवी घेऊन मला वर्ष झालं होतं. मधल्या वर्षाला कॉलेजच्या भाषेत गॅप म्हणतात, आणि गॅप पडला असेल तर नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागतं. त्याचा नमुना वेबसाइटवर होता. 'सदर कालावधीत मी कोणत्याही संस्थेत शिक्षण घेतले नाही, कोठेही नोकरी अथवा व्यवसाय केला नाही, तसेच माझ्याविरुद्ध कोणत्याही पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल नाही.'

मी इंग्लिश मीडियमची. 'सदर' आणि 'अथवा' असलेलं मराठी मला सावकाश वाचावं लागतं. पण हे वाचल्यावर बरं वाटलं. माझ्या त्या वर्षाबद्दल इतकं खरं आजवर कुणी लिहिलं नव्हतं.

कारण त्या वर्षात मी खरोखरच काही केलं नव्हतं. हे फक्त मला माहीत होतं. बाकी आमच्या गावात, निमोण्यात, सगळ्यांना वेगळंच माहीत होतं. पदवीचा निकाल लागला त्याच सुमाराला आम्ही एका लग्नाला गेलो होतो. तिथं कुणीतरी पप्पांना विचारलं, "पोरगी काय करती आता?" पप्पा दुसऱ्यासमोर गप्प राहू शकत नाहीत. ते म्हणाले, "तयारी." कसली ते त्यांनी सांगितलं नव्हतं, पण जेवणाच्या पंगती उठेपर्यंत मी कलेक्टर होणार हे ठरून गेलं होतं. घरी परतताना गाडीत पप्पांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मग म्हणाले, "करून बघायला काय हरकत आहे?" मी नेहमीसारखी गप्प राहिले. आमच्या घरात मी गप्प राहिले की त्याचा अर्थ होकार असा धरतात.

त्यानंतर मला दौंडला मामाकडे पाठवलं. मामा रेल्वेत मालगाडीचा गार्ड आहे आणि रेल्वे कॉलनीत त्याचं क्वार्टर आहे. स्टेशनपासून जवळच एक अभ्यासिका होती. तिथं प्रत्येकाला एक टेबल, एक दिवा आणि मोबाईल चार्ज करायला एक पॉइंट मिळायचा. मला खिडकीजवळची खुर्ची मिळाली. मी रोज सकाळी जायची, पुस्तक उघडायची आणि बाकीची मुलं अभ्यास करतात ते बघत बसायची. एक मुलगा राज्यघटना पाठ करताना उजवा गुडघा हलवायचा आणि भूगोलाला डावा. एक मुलगी पानातल्या सगळ्याच ओळींवर पिवळा रंग लावायची. हे सगळं मी इतकं बारकाईनं पाहिलं की त्यावर परीक्षा असती तर मी राज्यात पहिली आले असते.

प्रतिज्ञापत्र दौंडलाच करावं असं मी ठरवलं. त्याला कारण होतं. दौंडला मला कुणी ओळखत नव्हतं. मी काही केलं नाही हे जिथं कुणी ओळखत नाही तिथं शपथेवर सांगून टाकावं आणि कागद घेऊन पुण्याला जावं, असा माझा साधा विचार होता.

नोटरी वकिलांनी कागद वाचला, आधार कार्ड पाहिलं आणि विचारलं, "ओळख देणारं कोण आहे?"

मी म्हटलं, "आधार कार्ड आहे ना."

"आधारवर तुमचा फोटो आहे. त्या फोटोतल्या तुम्हीच आहात हे सांगणारं कुणीतरी लागतं. खाली बघा, 'मी प्रतिज्ञापत्र करणाऱ्यास ओळखतो.' तिथं सही लागेल. मी नाही ओळखत तुम्हाला."

हे त्यांचं म्हणणं अगदी रास्त होतं. मामा गाडी घेऊन मनमाडकडे गेला होता आणि दुसऱ्या दिवशीच परतणार होता. मामी माहेरी गेली होती. शेवटी धीर करून मी अभ्यासिकेत गेले आणि शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या मुलीला, त्या पिवळ्या रंगवालीला, बाहेर बोलावलं. तिला सगळं समजावून सांगितलं. तिच्याशी मी बोललेली ही पहिलीच वाक्यं होती. तिनं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "करते ना सही. पण तू इथं नवीन आलीयेस ना?"

कुणाच्या लक्षात येऊ नये यासाठी मी वर्षभर जी मेहनत घेतली होती, ती वाया गेली नव्हती.

मी पप्पांना फोन केला. ते रांजणगावला कंपनीत आहेत आणि जेवणाच्या सुट्टीतच त्यांना फोन घेता येतो. ते म्हणाले, "दौंडला कशाला गेलीस त्याच्यासाठी? उद्या सकाळी शिरूरला ये. आप्पा असतात कचेरीत. ते देतील ओळख."

आप्पा आमच्या भावकीतले. गावच्या विकास सोसायटीचे माजी चेअरमन. त्यांचं शिरूरच्या तहसील कचेरीत रोज काम असतं असं नाही, पण ते रोज असतात. निम्म्या गावाची ओळख त्यांनीच दिलेली आहे. कुणाचा उत्पन्नाचा दाखला असो, कुणाचं गॅसचं कनेक्शन असो, खाली आप्पांची सही असते. पप्पांनी त्यांना फोनवर एवढंच सांगितलं होतं की पोरीचा एक कागद आहे, जरा बघा.

कचेरीच्या आवारात एका पत्र्याच्या शेडखाली टायपिंगवाले बसतात, आणि त्यांच्याच शेवटच्या टेबलावर नोटरी वकीलबाई. मी शेडजवळ पोचले तेव्हा आप्पा बाकावर बसून चहा पीत होते. मला बघून त्यांनी शेजारच्या माणसाला कोपरानं ढकललं.

"उठ रं जरा. बसू दी तिला. निमोण्याची कलेक्टर हाय ही."

तो माणूस उठून उभा राहिला. टायपिंगवाल्यानं मान वर करून पाहिलं. वकीलबाईंनी पण पाहिलं. मी बसले, कारण उभी राहिले असते तर आणखी दिसले असते.

"आता हितंच येऊन बसंल बगा ही," आप्पा टायपिंगवाल्याला म्हणाले, "त्या आतल्या खुर्चीत. तवा आमची कामं पटापटा करायची."

"मग आत्ताच ओळख करून ठेवतो," टायपिंगवाला म्हणाला. "कसला कागद मॅडम? जागेचा?"

मी हळू आवाजात सांगितलं, "गॅपचा."

त्यानं नमुना काढला, माझं नाव घातलं, प्रिंट काढली आणि आप्पांसमोर पेन धरलं. आप्पांनी पेन घेतलं नाही.

"वाच."

आप्पांची ती पद्धत आहे हे मला माहीत नव्हतं. पूर्वी एकदा त्यांनी एका वाटणीपत्रावर न वाचता साक्षीदार म्हणून सही केली होती आणि नंतर कैक वर्षं शिरूरच्या कोर्टात तारखांना जावं लागलं होतं. तेव्हापासून ते कागद दुसऱ्याकडून मोठ्यानं वाचून घेतात, अगदी शेवटच्या शब्दापर्यंत. टायपिंगवाल्याला हे ठाऊक होतं. आप्पांना ऐकायला जरा कमी येतं हेही ठाऊक होतं. त्यानं घसा साफ केला आणि सगळ्या शेडला ऐकू जाईल असं माझं वर्ष वाचायला घेतलं.

'शिक्षण घेतले नाही'पाशी आप्पांनी हात वर केला.

"थांब. ह्ये कुणी लिवलं?"

"नमुनाच तसा हाय आप्पा. गॅपला ह्योच चालतो."

"आरं, नमुना दुसऱ्या कुणाचा आसंल. आमची पोरगी रिकामी बसली न्हाई. दौंडला राहून कलेक्टरचा अभ्यास केलाय तिनं. रात्रंदिवस. तिचा बाप सांगतो की. खोट्याखाली सही म्या करत न्हाई."

"मग बदलू का?" टायपिंगवाला बोटं सरसावून म्हणाला. "'सदर कालावधीत स्पर्धा परीक्षेचे शिक्षण घेतले.' चांगलं दिसंल."

"आन् पुढं लिव, 'रात्रंदिवस.'"

वकीलबाई आतापर्यंत दुसऱ्या एका कागदावर शिक्के मारत होत्या. त्या न बघताच म्हणाल्या, "शिक्षण घेतलं असं लिहिलं तर कॉलेज त्या संस्थेचा दाखला मागणार. कधी आहे तपासणी?"

"उद्या," मी म्हटलं.

"दाखला आहे?"

अभ्यासिकेनं मला एक टेबल, एक दिवा आणि एक पॉइंट दिला होता. दाखला दिला नव्हता. मी नकारार्थी मान हलवली.

"मग जागा जाईल. दुसरं कुणी ओळखणारं आहे का इथं तुम्हाला?"

मी शेडभर पाहिलं. आता मला सगळेच ओळखत होते, पण कलेक्टर म्हणून. कुणाचीही सही घेतली तरी तीच अडचण येणार होती.

म्हणजे आता एकच मार्ग उरला होता. मी वर्षभर काही केलं नाही हे आप्पांना पटवून द्यायचं, आणि तेही त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. मी आजवर वर्गात उत्तर येत असतानासुद्धा हात वर केलेला नाही. शाळेत माझ्या प्रगतिपुस्तकात दरवर्षी 'सायलेंट' लिहून यायचं, आणि ते कौतुक आहे की तक्रार हे आमच्या घरात कुणालाच कळत नसे. पण उद्या ती जागा दुसऱ्या कुणाला जाणार, हे डोळ्यांसमोर यायला लागलं.

"आप्पा," मी म्हटलं, "मी अभ्यास केला नाही."

"आँ?"

"अभ्यास केला नाही."

"थोडा तर केला आसंल."

"नाही."

आप्पांनी चहाचा कप बाकाखाली ठेवला. ते आता कोर्टातल्या वकिलासारखे माझ्याकडे वळून बसले. इतकी वर्षं तारखांना जाऊन त्यांना प्रश्न विचारायची पद्धत माहीत झाली होती.

"दौंडला ऱ्हात होतीस का न्हाई?"

"राहत होते."

"त्या अभ्यासाच्या खोलीत रोज जात होतीस का न्हाई?"

"जात होते."

"मग तितं काय करत होतीस?"

"बसत होते."

"बसून?"

"बघत होते."

"काय?"

"दुसरे अभ्यास करतात ते."

शेडमध्ये टायपिंगचा आवाज बंद झाला होता. गॅसच्या कनेक्शनवर नवऱ्याऐवजी स्वतःचं नाव लावायला आलेली एक मावशी बाकाच्या टोकाला बसली होती. ती माझ्याकडे वाकून म्हणाली, "व्हय गं बाई, वरीसभर नुसतं बसायला मिळालं तुला?"

मी हो म्हटलं.

"कुठंशी हाय ती खोली?"

"मावशी, तुमचा नंबर आला की बोला," वकीलबाई म्हणाल्या.

"न्हाई, मला आपला एक दिवस जरी मिळाला तरी बास हाय."

आप्पांचं समाधान झालं नव्हतं. त्यांना वाटत होतं मी घाबरून काहीतरी लपवतेय. "पुस्तकं तरी उघडली आसशील. तुझ्या बापानं खोकं भरून आणली व्हती. म्या सोता जीपमधनं उतरून घेतली."

"एक उघडलं होतं."

"मग वाचलं की."

"प्रस्तावना."

"मग केला की अभ्यास थोडा," आप्पा टायपिंगवाल्याकडे वळून म्हणाले. "लिव, 'थोडा.'"

"आप्पा, प्रतिज्ञापत्रात थोडं चालत न्हाई. एक तर केलं, न्हाई तर न्हाई."

माझ्याकडे आणखी पुरावा नव्हता. काही न केल्याचा पुरावा मागे राहत नाही, हेच त्यात अवघड आहे. चोरी करणाऱ्याचं काहीतरी सापडतं. मी म्हटलं, "आप्पा, शपथेवर सांगते," आणि मग लक्षात आलं की शपथ घ्यायलाच तर मी आले होते.

आप्पांनी बंडीच्या खिशातून फोन काढला. "तुझ्या बापालाच इचारतो. उगं तुझ्या बोलण्यावर सही केली आन् उद्या त्यो म्हनला, माझ्या पोरीला रिकामटेकडी ठरावली, तर भावकीत वाकडं यायचं."

आप्पांना कमी ऐकू येत असल्यामुळे ते फोन कायम स्पीकरवर ठेवतात. रिंग सगळ्यांना ऐकू आली. मी बाकाची कड धरून बसले. जेवणाची सुट्टी नुकतीच झाली असावी, कारण पप्पांनी लगेच उचलला. मागे ताटांचा आवाज येत होता.

"हां आप्पा. झालं का काम?"

"काम कुठं व्हतंय. तुझी पोरगी म्हनती, वरीसभर काय केलं न्हाई. अभ्यास न्हाई, काय न्हाई. तसं लिवलंय कागदात. सही करू का?"

ताटांचा आवाज तेवढा येत राहिला. पप्पा कॅन्टीनमध्ये होते, त्यांच्याभोवती त्यांच्या लाइनवरची माणसं असणार. त्यांतल्या प्रत्येकाला पप्पांनी 'तयारी' सांगितलेली असणार. मला वाटलं, आता ते म्हणतील की तिला काय कळतंय, ती लाजरी आहे, अभ्यासच केलाय तिनं. तसं म्हणाले असते तर आप्पांनी पेन हातात घेतलंच नसतं आणि माझी जागा गेली असती.

"आप्पा, करा सही," पप्पा म्हणाले.

"आँ?"

"करा म्हटलं सही. खरं आहे ते." मग पुढे म्हणाले, "खोक्यातली पुस्तकं अजून प्लास्टिकमध्येच आहेत. मी बघितलीत. एक सोडून."

मला हे माहीत नव्हतं. म्हणजे पुस्तकं प्लास्टिकमध्ये आहेत हे माहीत होतं. त्यांनी बघितली आहेत, हे नव्हतं.

"तुला ठाव व्हतं?" आप्पा म्हणाले. "मग गावभर सांगत का फिरत व्हतास?"

"आता बोललो होतो एकदा. मग मागं कसं घ्यायचं?" पप्पांनी आवाज खाली केला. "पण आप्पा, एवढं गावात नका सांगू."

फोन अजून स्पीकरवरच होता. टायपिंगवाला फोनकडे वाकून म्हणाला, "काळजी करू नका भाऊसाहेब, आम्ही निमोण्याचे न्हाई."

"मी बी आंबळ्याची हाय," मावशी म्हणाली.

पलीकडून पप्पांनी फोन ठेवला.

आप्पांनी कागद पुन्हा सुरुवातीपासून वाचून घेतला. पोलीस ठाण्याच्या वाक्यापाशी त्यांनी माझ्याकडे एकदा खात्रीसाठी पाहिलं. मग 'ओळख देणार' या शब्दांसमोर त्यांनी मोठ्या, सुट्ट्या अक्षरांत सही केली. सही झाल्यावरही पेन लगेच परत दिलं नाही.

"वकीलबाई, ह्यो कागद कुणाचा बी करता येतो का?"

"कुणाचा करायचाय?"

"आमच्या धाकट्याचा करून ठिवावा म्हंतो. त्यानं बी काय केलं न्हाई. बरीच वर्सं झाली. पण त्याच्याकडं लेखी काय न्हाई."

"त्याला कुठं द्यायचाय?"

"कुठं न्हाई. सोयरिकीला इचारत्यात, पोरगा काय करतो. तवा काढून दाखवावा. शिक्का आसंल तर बरं दिसतं."

वकीलबाईंनी पहिल्यांदाच हसू दाबलं. त्यांनी मला रजिस्टरमध्ये सही करायला लावली, अंगठा घेतला आणि विचारलं, "यात लिहिलंय ते सगळं खरं आहे?"

"हो."

"मोठ्यानं सांगा, शपथ आहे."

"हो," मी म्हटलं. शेडमधल्या दोघातिघांनी माझ्यासोबत मान हलवली. त्यांचं आता त्यावर एकमत झालं होतं. वकीलबाईंनी नोटरीचा लाल गोल कागद चिकटवला, त्यावर शिक्का दाबला आणि कागद माझ्या हातात दिला. शिक्क्याची शाई ओली होती म्हणून तो मी निमोण्याच्या जीपमध्ये दोन बोटांत धरून आणला. वाटेत आप्पांना कुणीतरी विचारलं, "कलेक्टरचा कागद का?" आप्पांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं, "हाय एक सरकारी." पप्पांचं म्हणणं त्यांनी पाळलं हे मी मान्य करते, पण त्यामुळे चौकशी वाढलीच.

रात्री जेवताना पप्पांनी आणि मी एकमेकांना मीठ, ताक असं बरंच काही दिलं. झोपायच्या आधी पप्पांनी एवढंच विचारलं, "उद्या किती वाजता निघायचं?" मी म्हटलं, मी जाईन एकटी. ते म्हणाले, "सुट्टी टाकलीय मी."

पुण्याला कॉलेजच्या त्या हॉलमध्ये रांग होती. क्लार्क मॅडम एकेक कागद उलटून टिक करत होत्या. पप्पा माझ्या मागे उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात माझी बॅग धरून. माझा नंबर आला. दहावी, बारावी, पदवी, रहिवासी, सगळ्यांवर टिक झाली. मग मॅडम प्रतिज्ञापत्रावर थांबल्या. त्यांनी ते उलटून पाहिलं, शिक्का पाहिला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहत विचारलं, "एक वर्षाचा गॅप आहे. काय केलं मग वर्षभर?"

मी तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला.

"काही नाही," पप्पा म्हणाले. लग्नात 'तयारी' म्हणताना जसा आवाज लागला होता, अगदी तसाच. "एकही गोष्ट केली नाही तिनं. खाली साक्षीदाराची सही आहे."

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं आणि टिक केली. "फोटो चिकटवा इथं," त्या मला म्हणाल्या. "आणि तुम्ही जरा मागे उभे राहा, तुम्हाला नाही विचारलं."

पप्पा मागे सरकले. त्यांच्या मागे एका मुलाचे वडील उभे होते. मी फोटोला गोंद लावत असताना त्यांनी पप्पांना विचारलेलं मला ऐकू आलं, "तुमच्या मुलीचापण गॅप आहे का?"

"आहे ना," पप्पा म्हणाले. "पूर्ण वर्षाचा."